शेताच्या नावावरून पणजोबांपर्यंत: कोल्हापूरची फेरी

घरात पणजोबांबद्दल एवढंच सांगत आलेत की आपलं रान म्हसोबाच्या माळाला होतं. तेवढ्यावर करवीर तालुक्यात जाऊन आलो आणि बरंच हाती लागलं, म्हणून लिहितोय, अजून कुणी निघणार असेल तर उपयोग होईल.

आधी गाव नक्की करा. आपल्याकडं एकाच नावाची गावं ढिगानं, बुद्रुक-खुर्द वेगळे, त्यात तर्फ, म्हणजे काही गावांचा मिळून जुना महसुली विभाग. करवीर तालुक्यात कळंबे तर्फ ठाणे आहे, कागदावर ‘ठाणे’ वाचून कुणी ठाणे जिल्ह्यात शोधत बसेल! जुनी तर्फ, परगणा, संस्थान कुठलं ते लिहून घ्या, कारण जिल्हे सारखे बदललेत. सांगली 1960 पर्यंत दक्षिण सातारा होता, रायगड 1981 पर्यंत कुलाबा, सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून निघाला. कोल्हापूर संस्थान 1949 ला विलीन झालं, त्यामुळं त्याआधीचे संस्थानी कागद कोल्हापूरच्याच पुराभिलेखागारात बघायचे. पेशवाईच्या मुलखातलं गाव असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर, मराठवाड्यातलं असेल तर तिथले निजामाच्या काळातले कागद वाचायला उर्दू येणारा माणूस सोबत लागतो.

मी ऑफिसांच्या आधी गावात गेलो आणि तेच बरोबर पडलं. पारावर विचारलं तर तरुण पोरांना गट नंबर पाठ, माळाचं नाव कुणालाच माहीत नाही. मग एक आजोबा उठले, पाणंदीनं घेऊन गेले, ओढ्याच्या वरच्या अंगाला शेंदूर लावलेला दगड दाखवला आणि म्हणाले, "ह्यो म्हसोबा, हितनं त्या बांधापत्तोर समदा माळ." तिथंच उभं राहून आजूबाजूच्या रानांचे आजचे गट नंबर लिहून घेतले.

आता गट नंबर घेऊन थेट जुन्या कागदात शिरता येत नाही. 1947 च्या कायद्याखाली गावोगाव जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले. ही सांगड भूमी अभिलेख ऑफिसातल्या एकत्रीकरणाच्या 9(3), 9(4) च्या उताऱ्यात मिळते, अर्जात तसंच नाव घालून मागा, नुसतं ‘जुने रेकॉर्ड द्या’ म्हटलं की काहीच निघत नाही. सर्व्हे नंबर मिळाला की तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून हस्तलिखित सातबारा आणि त्यावर वर्तुळात लिहिलेल्या नंबरांचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढायच्या.

सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी जागा असते, कॉम्प्युटरच्या उताऱ्यात ती बहुतेक रिकामीच, पण या जुन्या पानावर फिकट शाईत चक्क ‘म्हसोबाचा माळ’ लिहिलेलं, वाचून अंगावर काटाच आला. आणि त्याच्या फेरफारात वारसनोंद, पणजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि मयत वडिलांचं नाव! आमच्या वंशावळीत हे भाऊ कुठंच नव्हते.

पुराभिलेखागारात जाताना ओळखपत्र न्या, फोटोची परवानगी आधीच विचारा आणि मोडी येत नसेल तर जाणकार सोबत घ्या, त्यांना गाव, तर्फ, शेताचं नाव आधी सांगून ठेवा म्हणजे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) चाळताना नजर तिथंच जाते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांचे चोपडे, म्हणजे घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या, मात्र यानंतर बघा, तिथं पहिला प्रश्न मूळ गावाचाच येतो.

आणि रान बघायला जायचं तर ऊस तुटल्यावर जा, उभ्या उसात बांध काय नि दगड काय, काहीच दिसत नाही.