घडी मोडलेला प्रोसेसर

जर्मनीत येऊन चार वर्षं झाली, पण इथे कुणीतरी आपल्याला गंडवलं असं परवा पहिल्यांदा वाटलं. नवा म्हणून ऑनलाइन मागवलेला एएमडीचा रायझन प्रोसेसर, मदरबोर्डवरच्या एएम५ सॉकेटात बसणारा, बॉक्स उघडला तर त्याच्या धातूच्या टोपीच्या कडेला खाचेत काहीतरी राखाडी. त्या खाचांमध्ये बारीक कपॅसिटर असतात, तिथे थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर बसवताना त्याच्या आणि कूलरच्या मध्ये लावतात ती, एकदा गेली की सहजासहजी निघत नाही. वरून एकदम चकाचक, पण टूथपिक फिरवली आणि टोकाला पेस्ट! कोरी घडी म्हणून चादर घ्यावी आणि उलगडल्यावर आत कुणाचा तरी केस निघावा, तसं झालं.

लगेच नव्या पेठेतल्या कॉम्प्युटर दुकानवाल्या अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, माझा पहिला पीसी त्यांनीच जोडून दिलेला. म्हटलं अण्णा, खाली सोनेरी ठिपक्यांवर पण टोचल्याच्या खुणा आहेत बघा.

"ते सोड बे, फॅक्टरीत टेस्टिंगला पण सॉकेटात घालतात, खुणा राहतात. पेस्ट लावून फॅक्टरीवाले देतात का?"

म्हणजे मोबाईलच्या टॉर्चमध्ये १७१८ ठिपके बघत बसलो ते फुकटच. एसएसडी डिस्क किती तास चाललीय ते सॉफ्टवेअरमध्ये दिसतं तरी, प्रोसेसरला तसला मीटरच नाही, पेस्ट नीट पुसली असती तर मला जन्मात कळलं नसतं.

इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते, युरोपचा कायदाच आहे, आणि घरी फोनवर त्याचं कौतुक मीच किती वेळा केलंय. पण परत गेलेला माल पुढे जातो कुठे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. अण्णा बघा, गिऱ्हाइकासमोर सील फोडणार, सिरीयल नंबर मोठ्याने वाचून बिलावर लिहिणार, मगच पैसे. एकदा सील फुटलं की परत मात्र घेणार नाहीत, देवाला सांगा नाहीतर कुणाला, पण ते जाऊ दे.

दुकानाला फोटो टाकून मेल केला. दुसऱ्या दिवशी परतीचं लेबल आलं, एक प्रश्न नाही, सॉरी पण नाही. चार दिवसांत दुसरा प्रोसेसर दारात, खाचा स्वच्छ.

बायको म्हणाली, "आणि गेल्या दिवाळीत बारा दिवस वापरून मदरबोर्ड परत केलास तो?"

अगं पण तो मी नीट पुसून, त्याच्याच पिशवीत घालून पाठवलेला. सॉकेटवरची प्लास्टिकची टोपीसुद्धा आठवणीने लावली होती.