बांधांनी घडवलेलं आणि बांधांनीच बुजवलेलं बंदर: बेल्जियममधलं दामे

ब्रूज पाहायला येणारे बहुतेक जण संध्याकाळच्या गाडीने ब्रसेल्सला परततात. ज्या बंदराच्या जोरावर ब्रूज श्रीमंत झालं, ते दामे अवघ्या सहा-सात किलोमीटरवर असूनही पाहायचं राहून जातं. कालव्याकाठच्या सपाट रस्त्याने सायकलवर अर्धा तास लागतो. समोरून वारा असेल तर जास्त वेळ धरा.

1134 च्या वादळी पुराने झ्विन नावाची खाडी आत खोलवर पोहोचली, असं परंपरा सांगते. तरी ब्रूजपर्यंत ती आली नाहीच. म्हणून ब्रूजकडून येणारा जलमार्ग खाडीला मिळतो तिथे बांध घातला गेला. खारं पाणी बाहेर राहिलं, पण मोठी गलबतंही तिथेच थांबली. बोर्दोची वाइन, खारवलेले हेरिंग मासे, सगळा माल इथे उतरवून लहान होड्यांतून ब्रूजला जाई. या उलाढालीवरच गाव उभं राहिलं, आणि 1180 मध्ये या प्रदेशाचा, म्हणजे फ्लँडर्सचा शासक काउंट फिलिपने त्याला शहराची सनद दिली. वादळात जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकला, तर नुकसान कोणी किती सोसायचं, असे नियम सांगणारा सागरी कायदाही दामेच्या नावाने ओळखला जाई.

मग बंदर बुजलं कशामुळे? ‘गाळ साचला’ हे उत्तर अर्धंच आहे. भरतीचं पाणी खाडीलगतच्या सखल दलदलीवर पसरतं आणि ओहोटीला जोराने परतताना पात्रातला गाळ ओढून नेतं. शेतीसाठी ती दलदल बांध घालून कोरडी केली, की आत येणारं पाणी घटतं, ओहोटीचा जोर मंदावतो, गाळ तळाशी बसतो. त्यावर नवी जमीन तयार होते, तिलाही बांध पडतो. झ्विनचं नेमकं हेच झालं. जहाजं आधी खाली, समुद्राच्या बाजूच्या स्लाइस गावी थांबू लागली, पुढे अँटवर्पकडे वळली.

दामेचं देखणं नगर-सभागृह 1464 ते 1468 मधलं, म्हणजे उतरतीच्या काळातलं. 3 जुलै 1468 रोजी बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स आणि इंग्लंडच्या राजाची बहीण यॉर्कची मार्गारेट यांचं लग्न याच गावात झालं. चर्च नीट पाहा: मनोरा एकीकडे, वापरातला भाग दुसरीकडे, मधल्या भागाच्या नुसत्या भिंती. तो भाग 1725 मध्ये पाडला.

गावातून जाणारा सरळ कालवा मात्र मध्ययुगीन बंदर नव्हे. तो नेपोलियनच्या हुकमाने 1810 नंतर खणला. झ्विनचा उरलेला तुकडा पाहायचा तर क्नोकजवळच्या निसर्ग राखीव क्षेत्रात जावं लागतं.