गटाराच्या चरातली मुळं

रस्ता रुंद होताना झाड वाचवायचं म्हणजे कुऱ्हाड अडवायची, असं लोकांना वाटतं. आमच्या सिंधुदुर्गात मात्र कितीतरी झाडं गटारापायी जातात.

रस्त्याची आखणी हे माझं काम. बाजाराच्या वळणावर एक जुना रायवळ आंबा आहे. घेर मोजायला टेप दोघांनी धरावी लागते. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज ठरतं आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. रोपं लावायला सगळे एका पायावर तयार असतात! मी मध्यरेषा पलीकडच्या मोकळ्या जागेत सरकवली, वळण सैल घेतलं, गटार आंब्याच्या अलीकडेच थांबवून पाणी पाइपातून पलीकडे काढलं. नकाशा मंजूर झाला. ती रेघ मला आजही आवडते.

एका सकाळी साइटवर गेलो तर बुंध्यापासून हातभर अंतरावर जेसीबीने सरळ चर मारलेला. आमच्याकडे थोड्याशा मातीखाली जांभा लागतो, मुळं खोल न जाता आडवी पसरतात. मनगटाएवढी मुळं चिंधड्या होऊन लोंबत होती, साल सोलवटलेली, आणि चरात कैरीच्या चिकाचा उग्र वास.

मुकादम म्हणाला, "सायबानू, झाडाक आमी हातय लावूक नाय."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी झाड म्हणजे जमिनीवर दिसतं तेवढंच. मुळांजवळ हाताने खोदाई मी अंदाजपत्रकात धरली होती. ती जादा खर्च म्हणून वरच्या वर कापली गेली. याची चीड अजून जात नाही.

काम थांबवलं. फाटलेली टोकं करवतीने साफ कापून घेतली, ओली गोणपाटं टाकली, संध्याकाळच्या आत माती भरली. पण तुटलेली मुळं पश्चिमेची. पावसाळी वारा तिकडूनच येतो आणि त्या बाजूची मुळं तंबूच्या दोरीसारखा ताण धरतात. झाड कललं तर पूर्वेला, थेट किराणा दुकानावर.

दुकानदार आधीपासून झाड काढा म्हणत होता, तेव्हा कारण तकलादू होतं. आता त्याचा अर्ज खरा आहे, आणि तो आम्हीच खरा केला. तो अभिप्रायासाठी माझ्याकडे आलाय. फांद्यांचा भार कमी करून, टेकू देऊन दोन पावसाळे बघावं, असं लिहिणार आहे. त्या छपराखाली त्याची मुलं झोपतात, त्यांच्या वतीने मी हे कसं ठरवावं?