तुम्ही विचारलंत म्हणून: साध्या कामाला हलका लॅपटॉप

"ताई, तीस हजारांच्या आत हलका लॅपटॉप घेतला तर चालेल ना? काम काही फार नाही, साधंच आहे."

ठाण्यात नौपाड्याला माझा संगणकाचा वर्ग आहे. जून उजाडला की हा प्रश्न दिवसाआड येतो. कुणाच्या मुलीला नेरूळच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो, कुणाला सोसायटीचे हिशेब घरी करायचे असतात. दारात उभ्याउभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

चालेल, अगदी छान चालेल. पण मेमरी, म्हणजे चालू कामाला लागणारी रॅम, ८ जीबी हवी आणि आत एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी वेगवान डिस्क हवी. या दोन्हींपैकी एक जरी नसेल, तर दुकानदार कितीही सूट देवो, घेऊ नका.

"साधं काम" म्हणजे नेमकं काय, ते मी एकदा एका विद्यार्थिनीच्या शेजारी बसून पाहिलं. ब्राउझरमध्ये सात-आठ पानं उघडी, एका पानावर सरांचं ऑनलाइन लेक्चर, बाजूला वर्डमध्ये प्रोजेक्ट आणि मागे व्हॉट्सअ‍ॅप. चौघांच्या घरात रोज चालतं तेवढंच. लॅपटॉप नवाकोरा, ४ जीबीचा. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, त्यात किती मेमरी वापरात आहे ते दिसतं. मेमरी ९३ टक्के भरलेली. तिने वर्डमध्ये 'प्रस्तावना' टाइप केलं, तर अक्षरं थबकून थबकून उमटत होती आणि सरांचा आवाज तुटत होता. पोरीला वाटत होतं तिचंच काहीतरी चुकतंय. तिचं काही चुकत नव्हतं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ४ जीबी ही किमान अट ठेवली आहे. तेवढ्यावर ते सुरू होतं, पण वर कामाला जागा उरत नाही.

मग मेमरी नंतर वाढवू, असं वडील म्हणतात. इथेच हलक्या लॅपटॉपची मेख आहे. जाड लॅपटॉपचं तळाचं झाकण उघडून मेमरीची पट्टी सहसा बदलता येते. हलक्या, सपाट लॅपटॉपमध्ये जागा वाचवायला ती बहुतेकदा मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच, सोल्डर करून पक्की डकवलेली असते. घेताना जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत.

साठवणुकीचंही तसंच. स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये एसएसडीऐवजी ईएमएमसी असते, म्हणजे साध्या मोबाइलमध्ये असते तशी चिप. तीही सोल्डर केलेली आणि एसएसडीपेक्षा संथ. माझ्या भाच्याने ६४ जीबीचा असा एक घेतला होता. विंडोज आकडा वेगळ्या हिशेबाने मोजतं, त्यामुळे तिथे ५८ जीबीच्या आसपासच दिसत होते. त्यातला मोठा वाटा खुद्द विंडोजने घेतलेला. वर्षभरात अपडेटला जागा पुरेना. तो दर महिन्याला फोटो पेनड्राइव्हवर हलवून जागा करत बसायचा. बारावीचं वर्ष होतं त्याचं, आणि तो वेळ असा गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रोसेसरची मात्र फार धास्ती घेऊ नका. इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा (कोअर म्हणजे काम करणारा भाग), जेमतेम ६ वॅटचा प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला आला. लिखाण, ब्राउझर, व्हिडिओ एवढ्याला तो पुरतो. जुना दोन कोअरचा सेलेरॉन एन४०२० कुणी गळ्यात मारत असेल, तर नको म्हणा.

वजन चार्जरसकट धरा. जाहिरातीत १.३ किलो लिहिलेलं असतं, त्यात चार्जर नसतो. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने रोज नेरूळ गाठायचं, पाठीवर डबा, छत्री, पाण्याची बाटली. गर्दीत उभं राहून पाव किलोसुद्धा जाणवतं. म्हणून यूएसबी-सीवर चार्ज होणारा मिळाला तर बघा. चार्जर लहान असतो आणि पुरेशा वॅटचा दुसराही चालतो. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेले असतात. साध्या कामात लॅपटॉप ६-७ वॅट खातो असं धरलं, तर ३८ वॅट-अवरची बॅटरी पाच-सहा तास जाईल. "दिवसभर चालते" हे शब्द सोडून द्या, हा भागाकार करा.

दुकानात दिवसाउजेडी जा. लॅपटॉप दाराशी, उजेडात ठेवायला सांगा आणि पडदा थोडा मागेपुढे कलता करा. रंग उलटेपालटे दिसले तर तो टीएन नावाच्या प्रकारचा पडदा, त्याऐवजी बाजूनेही रंग नीट दाखवणारा आयपीएस मागा. मग त्यावर एक परिच्छेद मराठीत टाइप करून बघा. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, भाषेच्या सेटिंगमधून जोडायचा. विंडोज 'एस मोड' या मर्यादित प्रकारात असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर घेत नाही. त्यातून फुकटात बाहेर पडता येतं, फक्त परत आत जाता येत नाही.

आणि ८ जीबी बजेटात बसतच नसेल, तर ऑफिसातून निघालेला, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घ्या. थोडा जड असेल, पण काम सुखाने होईल. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा. त्याआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्यांच्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी असते, ती विकणाऱ्यासमोरच बघा.

पैसे भरण्याआधी खोक्यावरच्या लेबलचा फोटो मला पाठवा. मेमरी, साठवण, प्रोसेसर तिथे छापलेले असतात. वर्ग चालू असला तरी मी बघून लगेच कळवते.