वडिलांची सही राहिली, आणि अडलं भलतंच: एका ‘राव’चा माझा अनुभव

वडील गेले तेव्हा मृत्युपत्र टाइप झालं होतं, सही राहिली. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 प्रमाणे सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार नसले की तो नुसता कागद. वडिलांनी स्वतः विकत घेतलेली जमीन असल्याने 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा. आजी (वडिलांची आई) हयात असेल तर तिलाही. बहिणींची नावं गाळून अर्ज करू नका. तक्रार आली की नोंद वादात पडते.

महसूल विभागाच्या ई-हक्क पोर्टलवर वारस नोंदीचा अर्ज भरणं सोपं आहे. सज्जावर (तलाठी कार्यालयात) तो अडला तो नावामुळे. सातबाऱ्यावर ‘माणिक पि. गोविंदा’ (पि. म्हणजे पिता), मृत्यू दाखल्यावर आधारवरून उतरवलेलं ‘माणिकराव गोविंदराव’. शेरा एका ओळीचा: एकच व्यक्ती असल्याचा पुरावा नाही. आपल्याकडे मराठवाड्यात हे घरोघरी आहे. कागदावर ‘पि.’ आणि ‘भ्र.’ (भ्रतार, म्हणजे नवरा), बोलण्यात ‘राव’, आणि बहिणींच्या आधारवर सासरचं नाव.

दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, तरी भागलं नाही. काम केलं ते जुन्या फेरफाराने, म्हणजे जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदीने. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. जमीन वडिलांच्या नावावर ज्या क्रमांकाने आली, त्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढली. त्यात खरेदीखताचा दस्त क्रमांक होता, त्यावरून खरेदीखताची नक्कल मिळाली. खरेदीखतात नाव ‘माणिक’ आणि खाली सही मात्र ‘माणिकराव’! ही नक्कल पहिल्याच खेपेला कुणी मागितली असती तर बाकीचे हेलपाटे वाचले असते. बहिणींसाठी लग्नाचा दाखला किंवा माहेरचं नाव असलेला शाळा सोडल्याचा दाखला जोडा.

हे आधी सांगायला हवं होतं: मृत्यूची नोंद करतानाच सातबारा समोर ठेवून नाव लिहून द्या. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, तेव्हा दहावं-तेरावं उरकलं की लगेच लागा.

पुढचं सरळ. नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. बँकेत नॉमिनीला पैसे लवकर मिळतात, पण नॉमिनी मालक नसतो, वाटा सगळ्या वारसांचाच. बहिणी हक्क सोडणार असतील तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच करा. बाँडवर नुसतं नोटरी केलेलं फेरफाराला चालत नाही. आणि त्यात वडिलांचं नाव सातबाऱ्यावर आहे तसंच लिहा, पुढे ‘ऊर्फ माणिकराव’.