साडेपाच फुटांची फ्लायर : माझा अनुभव

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका सरकारी विद्यापीठात मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा जानेवारीत तिथल्या चीअरलीडिंग संघाच्या खुल्या सरावाला पहिल्यांदा गेले. दारातच एक अर्ज भरून द्यायचा होता आणि त्यात नावाखाली लगेच उंची व वजन विचारले होते. उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट, आणि वजन ६१ किलो, असे मी लिहून दिले. अर्जावरून नजर फिरवून एका सहायक प्रशिक्षकाने मला शांतपणे सांगितले की, या उंचीच्या मुलींना आम्ही बहुतेक वेळा ग्रुप स्टंटमध्ये खाली उभे करतो. पार्टनर स्टंटमध्ये वर जायचे असेल, तर एप्रिलअखेरच्या निवड चाचणीपर्यंत १५ पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो वजन कमी करावे लागेल. त्या एका वाक्याने माझे पुढचे दोन महिने कसे गेले आणि त्यातून मी कशी बाहेर आले, हे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते, कारण शरीराच्या आकाराचा या कलेशी खरा संबंध काय आहे, हे मला तेव्हा कोणीच नीट समजावून दिले नव्हते.

ज्यांनी हा प्रकार जवळून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. ग्रुप स्टंटमध्ये वर जाणाऱ्या मुलीचा, म्हणजे फ्लायरचा, भार खालून उचलणाऱ्या दोघांवर, म्हणजे बेसवर, आणि मागून आधार देणाऱ्या स्पॉटवर वाटला जातो. पार्टनर स्टंटमध्ये मात्र खाली एकच माणूस असतो. फ्लायर त्याच्याकडे पाठ करून उभी राहते, तो तिची कंबर दोन्ही बाजूंनी धरतो आणि ती त्याची मनगटे पकडते. दोघे एकाच क्षणी गुडघ्यांत वाकतात, याला डिप म्हणतात. मग ती उडी घेते, तो पायांच्या जोरावर तिला वर फेकतो (हा टॉस), कंबर सोडतो आणि खाली येण्याआधीच तिची पावले तळहातांवर झेलतो. पावले खांद्याच्या उंचीवर झेलली तर हँड्स, हात डोक्यावर सरळ ताणून झेलली तर एक्स्टेन्शन, एकाच पायावर उभी राहिली तर लिबर्टी आणि दोन्ही पावले एकाच तळहातावर आली तर क्युपी. मागे एक स्पॉटर उभा असतो आणि त्याची नजर फ्लायरच्या डोक्यावरून व खांद्यांवरून हलत नाही. फेकण्यापासून झेलण्यापर्यंतचा सगळा खेळ एखाद्या सेकंदाचा असतो.

बाबांना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्यांना वाटले की हा मुलींच्या नाचाचा प्रकार आहे. तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण चीअरलीडिंगची सुरुवात पुरुषांनी केली. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने फुटबॉलच्या सामन्यात पुढे येऊन प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या, ती या परंपरेची सुरुवात मानली जाते. मुली १९२० च्या दशकात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धात तरुण आघाडीवर गेल्यावर संघांमध्ये त्यांचीच संख्या वाढली. आज विद्यापीठांच्या कोएड संघांत पुन्हा मुलगे व मुली एकत्र असतात आणि खाली धिप्पाड मुलगा, वर चिमुकली मुलगी हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांत पक्के बसले आहे. जानेवारीत ऑर्लँडोला आणि एप्रिलमध्ये डेटोना बीचला विद्यापीठांच्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यांचे व्हिडिओ मी रात्र रात्र पाहत असे, आणि माझ्या उंचीची फ्लायर त्यांत क्वचितच दिसे. त्यामुळे सात किलोंचा तो सल्ला मला अन्यायाचा वाटला नाही. तो मला निसर्गाचा नियम वाटला.

मी लहानपणी सहा वर्षे दादरला मल्लखांब केला होता, म्हणून उंचीची भीती मला नव्हती आणि शरीर ताठ ठेवणे म्हणजे काय, हे ठाऊक होते. पण त्याच सवयीने एक अडचणही आणली. एरंडेल लावलेल्या खांबावर पाय सतत पकड शोधत असतात. मांड्या आणि पोटऱ्या लाकडाला बिलगल्याशिवाय माणूस वर टिकत नाही. इथे वर गेल्यावर पायांना काहीच पकडायचे नसते. ते एकमेकांना चिकटून काठीसारखे सरळ राहायला हवेत, आणि माझे पाय मात्र हवेत जरासे वाकून खांब शोधत. ही खोड मोडायला तीन आठवडे गेले.

माझा बेसही या खेळात नवा होता. शाळेत कुस्ती केलेला, १७३ सेंटिमीटर उंचीचा, ८० किलोंचा मुलगा. बाकीचे बेस त्याच्याहून चांगले वीतभर उंच होते. आम्ही दोघे उरलो होतो, म्हणून आमची जोडी लावली गेली, हे स्पष्टच होते.

फेब्रुवारीत मी जेवण कमी केले. भोजनगृहात गेल्यावर भाताकडे पाहायचे नाही, रात्रीचे जेवण टाळायचे, सरावाआधी फक्त कॉफी घ्यायची, असा क्रम ठेवला. पाच आठवड्यांत चार किलो उतरले आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली. पण आमचे टॉस सुधारले नाहीत, उलट बिघडत गेले. कारण आता मला लख्ख दिसते. टॉसमधली बरीचशी ताकद फ्लायरच्या उडीतून आणि तिने मनगटांवर दिलेल्या रेट्यातून येते. माझे वजन सहा-सात टक्क्यांनी उतरले असेल, पण उडी त्याहून जास्त खचली होती. शिवाय सरावाच्या तासाभरानंतर पोट आणि कंबर घट्ट धरून ठेवणेच मला जमेनासे झाले. ढिले शरीर उचलणे किती अवघड असते, हे झोपलेल्या मुलाला उचलून घेणाऱ्या कोणत्याही आईला विचारावे. वजन तेवढेच असते, पण ते हातांतून निसटत राहते.

मार्चच्या सुरुवातीच्या एका गुरुवारी ते व्हायचे ते झालेच. एक्स्टेन्शनच्या टॉसमध्ये मी वर पोचले, बेसच्या हाती माझे डावे पाऊल आले, पण उजवे आले नाही, कारण कमरेतून मी सैल पडले होते. मी तिरपी खाली आले आणि माझ्या गुडघ्याचा पूर्ण मार त्याच्या गळपट्टीच्या हाडावर बसला. स्पॉटरने माझे डोके व खांदे धरले, त्यामुळे मला खरचटलेही नाही. तो मात्र खाली बसला. त्याच्या बनियनच्या कडेला आधी लाल आणि मग निळसर होत गेलेला तो डाग मला आजही दिसतो. हाड मोडले नव्हते. संघाच्या फिजिओने त्याला बर्फ लावला आणि मग माझ्याकडे वळून एवढेच विचारले की, आज काय खाल्ले? एक सफरचंद, मी म्हणाले. तिने मला दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या आहारतज्ज्ञांकडे पाठवले. चीअरलीडिंग एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या अधिकृत खेळांत मोडत नाही, त्यामुळे अशी सोय मिळणे ज्या त्या विद्यापीठाच्या मर्जीवर असते. मला ती मिळाली, हे माझे भाग्य. मी उपाशी राहिले आणि मार दुसऱ्याला बसला, ही बोच मात्र कोणत्याही सल्ल्याने गेली नाही, आणि जायलाही नको.

माझा बेस आठवडाभर विश्रांतीवर होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी होती. तो यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी, आणि दुखावलेल्या खांद्याने पडल्या पडल्या त्याने आमच्या टॉसचा हिशेब मांडला होता. हात डोक्यावर सरळ ताणल्यावर त्याचे तळहात जमिनीपासून २१२ सेंटिमीटरवर येत. तो मला जिथे धरत असे, ती माझी कंबर १०४ सेंटिमीटरवर होती. संघातल्या १५० सेंटिमीटर उंचीच्या एका फ्लायरने आनंदाने माप घेऊ दिले. तिची कंबर ९१ वर भरली. म्हणजे बेसने कंबर सोडण्याच्या क्षणी तिची पावले १२१ सेंटिमीटरवर असणार आणि माझी १०८ वर. एक्स्टेन्शनसाठी पावले सुमारे २०५ सेंटिमीटरवर जायला हवीत. ती हवेत ८४ सेंटिमीटर चढली की पुरे, मला ९७ चढावे लागणार. त्यासाठी सुटताना तिचा वेग सेकंदाला ४.१ मीटर लागतो, तर माझा जवळजवळ ४.४. आमचे वजन अगदी सारखे असते, तरीही हा फरक राहिला असता.

ते तेरा सेंटिमीटर माझ्या पायांच्या हाडांत होते, आणि कोणताही उपास ते कमी करू शकत नव्हता. मला हे ऐकून रडू आले आणि त्याच वेळी छातीवरचे ओझे उतरल्यासारखेही झाले. वजनाचा संबंध नाही असे मी मुळीच म्हणत नाही. मनगटांवर आणि कमरेवर येणारा भार खराच असतो आणि ८० किलोंच्या मुलाने ९० किलोंची फ्लायर रोज फेकावी, असे कोणी शहाणा प्रशिक्षक सांगणार नाही. पण मला एकच आकडा बदलायला सांगितला होता आणि अडचण दुसऱ्याच आकड्यात होती.

मग आम्ही फोनवर घेतलेले आमचे व्हिडिओ अगदी संथ करून पाहिले. त्यात दिसले की, बेसचे कोपर पूर्ण सरळ होण्याआधीच मी त्याची मनगटे सोडून देत होते. वास्तविक फ्लायरने मनगटांवर खाली रेटा देत राहायचे असते, बाकावर हात टेकून शरीर उचलावे तसे, आणि आपले हात सरळ झाल्यावर शेवटच्या क्षणी झटका देऊन सुटायचे असते. या रेट्यात तिची कंबर त्याच्या हातांच्या वर चढते आणि त्याचे तळहात तिच्या मांड्यांवरून खाली सरकतात. म्हणजे हवेत एकटीने चढण्याचे अंतर तेवढे कमी होते. आणि इथे उंची माझ्या बाजूने होती, कारण माझे हातही लांब होते. पायांनी वाढवलेले अंतर हातांनी बरेचसे भरून काढता येत होते. पुढचे दोन आठवडे आम्ही एकही पूर्ण स्टंट केला नाही. नुसता डिप, उडी, रेटा, आणि परत जमिनीवर. एका सरावात चाळीस-पन्नास वेळा. रोज रात्री मी भात, वरण, अंडी पोटभर खात होते. माझ्या तळहातांना त्याच्या मनगटाच्या हाडाचा आकार इतका पाठ झाला की डोळे मिटूनही पकड नेमकी बसू लागली.

वर टिकून राहण्याची गोष्ट मात्र वेगळी होती. तळहातावर पेन्सिल उभी धरणे जवळजवळ अशक्य असते, पण झाडूची लांब काठी कोणीही थोडा वेळ तोलून धरू शकतो, कारण लांब काठी हळू कलते आणि हाताला सावरायला वेळ देते. उंच फ्लायरचे तसेच असते. बेस म्हणायचा की, माझा तोल जातोय हे त्याला लवकर कळते, पण तो परत आणायला मनगटात जोर जास्त लागतो. म्हणून वर गेल्यावर मी स्वतः सावरण्याचा प्रयत्न करणे सर्वांत घातक होते. तोल सांभाळणे हे खालच्याचे काम, वरच्याने फक्त अखंड राहायचे. पायाच्या मापाचाही प्रश्न होता. चीअरच्या बुटांना दोन्ही कडांना बोटे रुतवण्यासाठी खाचा असतात, पण माझे बूट लांब असल्याने त्याच्या बोटांच्या जागा त्या खाचांशी जुळत नव्हत्या. आम्ही बुटांवर पांढऱ्या चिकटपट्टीने त्याच्या बोटांच्या खुणा केल्या.

निवड चाचणी एप्रिलच्या शेवटी तीन दिवस चालली. पहिले दोन दिवस घोषणा, विद्यापीठाचे गीत आणि कोलांट्या यांत गेले. तिसऱ्या दिवशी सहा-सहा फूट रुंदीच्या नऊ पट्ट्या जोडून घातलेल्या निळ्या मॅटवर जोड्यांना बोलावले. हँड्स आणि एक्स्टेन्शन पहिल्याच प्रयत्नात बसले. लिबर्टीचा पहिला टॉस पुढे गेला, मी खाली आले, त्याने मला कमरेत झेलून उभे केले आणि कानाशी हळूच म्हणाला, “रेटा दे, घाई नको.” दुसऱ्या खेपेला पाऊल त्याच्या हातात बसले, तेव्हा मला काहीच जोर लावल्यासारखे वाटले नाही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मी आठ मोजेपर्यंत उभी होते.

यादी रविवारी सकाळी लागली आणि त्यात आम्हा दोघांचेही क्रमांक होते. त्या दिवशी माझे वजन ६० किलो होते. अर्ज पाहून १५ पौंडांची गोष्ट सांगणारे प्रशिक्षक भेटले, तेव्हा मी त्यांना मोजपट्टीचा हिशेब दाखवला. त्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला आणि कागदाचा फोटो काढून घेतला. त्या वर्षी सप्टेंबरपासून सगळ्या घरच्या सामन्यांत मी मैदानाच्या कडेला त्याच बेससोबत वर गेले. क्युपी मात्र आमची अजून पक्की झालेली नाही. माझी दोन्ही पावले त्याच्या एका तळहातावर मावत नाहीत, टाचा बाहेर राहतात. सध्या तो पावले थोडी तिरपी, टाचेला टाच लावून झेलून पाहतो आहे, आणि दहातून चार वेळा ती टिकते.