उजवा पाय, उजवीकडची वाट

फोंड्यात बसून विमानाची तिकिटे काढून देणाऱ्या माणसाला हल्ली तिकिटापेक्षा आसनाविषयीचेच प्रश्न जास्त विचारले जातात. तिकीट लोक मोबाइलवर स्वतः काढतात; पण चौदा-पंधरा तास एका जागी बसायचे म्हटले की पाय लांब करता येईल अशी जागा कोणती, हे विचारायला आमच्या पायऱ्या चढतात. सर मात्र त्या मंगळवारी दुपारी काही विचारायला आले नव्हते. त्यांना फक्त बोर्डिंग पासची छापील प्रत हवी होती.

सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकविले. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, त्याच्या आदल्या काळात उसगावच्या बाजूला खनिजाच्या ट्रकने त्यांच्या स्कूटरला उडवले. उजव्या गुडघ्याचा इतका चुरा झाला होता की डॉक्टरांनी अखेर सांधा कायमचा जोडून टाकला. तेव्हापासून तो पाय वाकत नाही. काठी घेऊन ते चांगले चालतात, पण जिना चढणे अवघड आणि खुर्चीत बसणे हा एक वेगळाच उद्योग असतो. मुलगी न्यू जर्सीला. गणपतीची चवथ आटोपली की आईवडिलांनी यावे, असा तिचा आग्रह होता, आणि तिकिटे तिनेच तिकडून काढली होती: मोपा विमानतळावरून आखाती देशातले एक शहर, तिथून न्यूयॉर्क.

प्रत काढताना माझी नजर आसनाच्या क्रमांकावर गेली. मुलीने वडिलांसाठी चांगले भक्कम पैसे मोजून एक्स्ट्रा लेगरूमची जागा घेतली होती, आणि ती आपत्कालीन दरवाजाजवळची होती. वडिलांचा पाय लांब राहावा म्हणून लेकीने सगळ्यात मोकळी जागा निवडावी, यात गैर काहीच नाही. पण त्या रांगेतल्या प्रवाशाने वेळ आल्यास दरवाजा उघडायला, इतरांना बाहेर पडायला मदत करायची असते. म्हणून तिथे लहान मुले, गर्भवती स्त्रिया, आणि हातापायांच्या हालचालीला मर्यादा असलेली माणसे बसवत नाहीत. पैसे भरताना एका चौकोनात खूण करून आपण या अटीत बसतो, असे कबूल करावे लागते. ती खूण न वाचता केली जाते, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उड्डाणापूर्वी केबिन क्रू त्या रांगेतल्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलतो. व्हीलचेअरवरून आलेल्या, काठी टेकणाऱ्या माणसाला तिथून उठवणार, हे नक्की होते. आणि विमान भरलेले असताना उठवलेल्या माणसाला मिळते ती उरलेली जागा, म्हणजे बहुधा शेपटाकडच्या रांगेतली मधली.

मी हे सांगितल्यावर सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, पण पैसे घेतले ना त्यांनी?"

तिकीट थेट कंपनीकडून काढलेले असले की त्या बुकिंगमध्ये एजंटला हात घालता येत नाही. मुलीला फोन करावा, तर तिकडे पहाटेचे साडेचार वाजलेले. न्यूयॉर्कचे विमान गुरुवारी सकाळी सुटणार होते. अपंग प्रवाशाच्या आसनाविषयीच्या विनंत्या उड्डाणाच्या चोवीस तास आधी नोंदवलेल्या असल्या की कंपनीला सहजी टाळता येत नाही, त्यामुळे वेळ होता, पण भरपूर नव्हता. कंपनीला फोन सरांनीच करायचा आणि मी शेजारी बसायचे, असे ठरले. त्याआधी मात्र नेमके काय मागायचे, ते ठरवणे भाग होते.

आम्ही कार्यालयातली एक प्लास्टिकची खुर्ची गोदरेजच्या कपाटासमोर ठेवली, खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून टेप आणली आणि सरांना बसवले. पाय सरळ असल्याने मांडीपासून टाचेपर्यंत एकच तिरकी रेघ होत होती. खुर्चीच्या पाठीपासून बुटाच्या टोकापर्यंत जमिनीवरचे अंतर भरले एक मीटर आणि वर दोन बोटे. सरांनी टेप माझ्या हातातून घेतली, स्वतः पुन्हा मोजले आणि खडूची खूण केली. आता, इकॉनॉमी वर्गात रांगांमधले अंतर साधारणपणे 31 ते 32 इंच, म्हणजे 79 ते 81 सेंटिमीटर असते; आणि हे अंतर एका आसनाच्या कुठल्याही बिंदूपासून पुढच्या आसनाच्या त्याच बिंदूपर्यंत मोजतात, त्यामुळे पुढच्या पाठीची जाडी त्यातच गेली. न वाकणारा पाय पुढच्या आसनाखाली सरकवता येतो, नाही असे नाही. पण तो आत घालताना आणि बाहेर काढताना जी कसरत करावी लागते, ती चौदा तासांत दर वेळी स्वच्छतागृहाला जाताना कोण करणार? शिवाय काही आसनांखाली पडद्याच्या यंत्रणेची पेटी असते, आणि ती नेमकी कुठल्या आसनाखाली आहे, हे नकाशावर दिसत नाही.

राहिली ती भिंतीमागची पहिली रांग, जिला बल्कहेड म्हणतात. तिथे समोर आसन नाही, उठणे-बसणे सोपे. लोक ती डोळे झाकून मागतात, आणि माझ्या मते इथेच फसतात. भिंत ही भिंत असते. तिच्याखाली पाय जात नाही. ज्याचे पाय लांब आहेत, त्याला काही विमानांत बल्कहेडपेक्षा मागची साधी रांग बरी पडते, कारण तिथे निदान पावले पुढे सरकतात. जेवणाचा ट्रे आसनाच्या हातातून वर निघतो, म्हणून तो हात वर उचलता येत नाही आणि बसायची रुंदी थोडी कमी होते. पिशवी पायाशी ठेवता येत नाही. आणि तान्ह्या मुलांचा पाळणा याच भिंतीला अडकवतात, त्यामुळे झोपेची खात्री नाही.

तरी सरांना दुसरी जागाच नव्हती. उरला बाजूचा प्रश्न. सरांचा उजवा पाय सरळ, तेव्हा वाट त्यांच्या उजव्या हाताला हवी. त्या विमानात एका रांगेत दहा आसने होती: खिडकीकडे तीन, मध्ये चार, पलीकडे तीन. तोंड पुढे करून बसले असता उजवीकडे वाट असणारी आसने दोनच, डाव्या गटातले सी आणि मधल्या गटातले जी. मुलीने घेतलेले होते एच, म्हणजे वाट डाव्या हाताला. दरवाजासमोरच्या मोकळ्या जागेत बाजू कदाचित चालून गेली असती. भिंतीसमोर ती चालणार नव्हती.

हातात कागद असावा म्हणून मी एक नियम छापून घेतला होता. अमेरिकेत अपंग प्रवाशांच्या हवाई प्रवासाविषयी 1986 साली कायदा झाला आणि त्याखालचे नियम 2009 सालापासून तिथे ये-जा करणाऱ्या परदेशी विमान कंपन्यांनाही लागू आहेत. त्यांत स्वच्छ लिहिले आहे की ज्या प्रवाशाचा पाय जखडलेला आहे किंवा सांधा जोडलेला आहे, त्याला भिंतीमागचे किंवा इतरांपेक्षा जास्त मोकळे आसन द्यावे, आणि तेही त्याला सोयीच्या बाजूच्या वाटेवर. वरचा वर्ग देण्याचे बंधन नाही. पण विकत घेतलेल्या वर्गातली ही सोय देताना वेगळे शुल्क घेता येत नाही. आपत्कालीन रांग मात्र या नियमानेही मिळत नाही. मोपा ते आखात हा टप्पा त्यात येत नव्हता, पुढचा येत होता, आणि खरा त्रास पुढच्याच टप्प्याचा होता.

फोन लागायलाच बराच वेळ गेला. लागल्यावर पलीकडून बोलणाऱ्या कंपनीच्या मुलीने सांगितले की, भिंतीमागच्या जागा विमानतळावरच देतात. सरांनी नियमाचा क्रमांक वाचून दाखवला. मग डॉक्टरांचा फॉर्म भरून आणा, असे उत्तर आले. स्थिर अपंगत्व असलेल्या माणसाकडे असे प्रमाणपत्र सहसा मागता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. पण त्या मुद्द्यावर भांडण्यापेक्षा आम्ही बांबोळीच्या रुग्णालयातला जुना डिस्चार्ज कागद स्कॅन करून पाठवून दिला. तासाभराने उत्तर आले ते नकाराचे: त्या रांगेतली सी आणि जी ही दोन्ही आसने तान्ही मुले असलेल्या कुटुंबांना दिलेली आहेत.

इथे सर अडखळले. "त्या बाईला उठवून मी बसू? नको रे बाबा," असे म्हणून त्यांनी काठी उचलली. सोबत आलेल्या काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, तर तान्ह्या मुलाचे नाव ऐकताच हातातली पिशवी आवरू लागल्या. मलाही ते पटणारे नव्हते. पण पाळणा आणि कडेचे आसन या दोन गोष्टी एकच नाहीत, हे मला माहीत होते. मी सरांना पुन्हा बसवले, आणि त्यांना दोन प्रश्न विचारायला सांगितले. पाळणा भिंतीच्या नेमक्या कोणत्या भागाला अडकतो? आणि डाव्या गटातले ए हे आसन कोणाला दिले आहे? सामान्य चौकशीच्या खिडकीवर याची उत्तरे मिळणार नव्हती. नियमाप्रमाणे अमेरिकेच्या उड्डाणांसाठी कंपनीला एक तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि तो फोनवर तरी उपलब्ध असावा लागतो. सरांनी तो मागितला. आवाज चढवला नाही. वर्गात उत्तर न आलेल्या मुलाला पुन्हा विचारावे, तसे त्यांनी तेच वाक्य तितक्याच शांतपणे पुन्हा म्हटले. तिसऱ्यांदा म्हटल्यावर फोन पुढे गेला.

तो अधिकारी कामाचा माणूस निघाला. त्याने आसनांचा आराखडा उघडून सांगितले की, डाव्या गटात पाळणा मधल्या आसनासमोर अडकतो, ए कंपनीने राखून ठेवलेले आहे, आणि कुटुंब बी आणि सीवर आहे. म्हणजे आईवडील एक एक जागा खिडकीकडे सरकले की पाळणा जागच्या जागी राहतो आणि सी मोकळे होते. मग मी कागदावर लिहून सरांपुढे शेवटचा प्रश्न सरकवला: सीच्या समोर भिंत पूर्ण आहे की अर्धी? पुढच्या बिझनेस वर्गात आसने कमी असल्याने तिथल्या वाटा वेगळ्या रेषेत जातात, आणि काही विमानांत कडेच्या आसनासमोरची भिंत आधीच संपते. या विमानात ती संपत होती. सरांनी खडूच्या खुणेकडे पाहिले आणि त्याला सेंटिमीटरमध्ये आकडा सांगितला. पाय भिंतीच्या कडेने पुढे जाईल, फक्त जेवणाच्या गाड्या फिरताना तेवढी काळजी घ्यावी लागेल, असे तो म्हणाला. संध्याकाळी साडेसहाला नवे आसन ई-मेलने आले. काकींची जागा मात्र मागच्या रांगेत गेली. त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही, उलट सरांच्या घोरण्यापासून सुटका झाली म्हणाल्या.

मोपाहून निघालेल्या लहान विमानात त्या अमेरिकी नियमाचा आधार नव्हता. तिथल्या काउंटरवर पेडण्याकडची एक मुलगी होती. तिने काठी पाहून, कोणी काही न सांगता, मधले आसन रिकामे असलेली रांग शोधून दिली. चार तास तसे निभावले.

पैशांचा मामला वाईट झाला. अटीत न बसणाऱ्या प्रवाशाने आपत्कालीन रांगेतले आसन घेतले तर शुल्क परत मिळत नाही, हे त्याच न वाचलेल्या चौकोनाखाली लिहिलेले होते. मुलगी माझ्यावरच चिडली. तिचे म्हणणे असे की, बुकिंगमध्ये वडिलांसाठी व्हीलचेअर आधीच मागितलेली असताना यंत्रणेने ते आसन विकलेच कसे? म्हणणे रास्त आहे. तसा अर्ज तिने केला आहे, उत्तर अजून आलेले नाही.

सरांचे परतीचे विमान दुसऱ्या बनावटीचे आहे: एका रांगेत नऊ आसने, तीन-तीन-तीन. तिथे उजवीकडे वाट असणारी आसने सी आणि एफ, पण भिंत पूर्ण रुंदीची. तेव्हा या वेळी मी त्यांना आधी आसनाच्या पाठीपासून भिंतीपर्यंतचे अंतर विचारायला लावले. ते कंपनीने कळवले: सरांच्या मापापेक्षा चार बोटे जास्त. एफची विनंती नोंदवली आहे, आणि काकींसाठी शेजारचे ई.